पेन्सिलचा ठिपका

बाबांना गेको जातीच्या पाली पाळायचा नाद होता. मादीने घातलेलं अंडं उचलताना उलटं झालं, तर आतलं पिल्लू जगत नाही. म्हणून ते आधी प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलने बारीक ठिपका काढायचे आणि डब्याच्या झाकणावर तारीख लिहायचे. पेन्सिलला टोक करून द्यायचं काम माझं. आई त्या खोलीत कधी पाऊल टाकत नसे. "पालींचं बाळंतपण आटोपलं असेल तर जेवायला या," असं उंबऱ्याबाहेरूनच म्हणायची.

बाबांना जाऊन महिना झाला. आईला किळस येते, म्हणून पाली न्यायला मीच एका माणसाला बोलावलं आणि खोली आवरायला घेतली. उबेच्या पेटीत एक डबा होता. आत दोन अंडी, दोन्हींवर ठिपके. झाकणावरची तारीख बाबा गेल्यानंतरच्या आठव्या दिवसाची होती. अक्षर आईचं.

मागे वळले, तर आई उंबऱ्याच्या आत उभी होती.

"पिल्लं यायला अजून महिना आहे. त्या माणसाला थांबायला सांग," ती म्हणाली. "आणि डबा सरळ धर."