ब्याऐंशीपासूनचा पाऊस

धुरपताबाई टँकरच्या पुढच्या चाकाला पाठ लावून बसली होती. तिच्यामागे वस्तीवरच्या बायका, रिकाम्या घागरी आणि शिव्या. ड्रायव्हर खाली उतरून बिडी ओढत होता. त्याला कुणाच्याच बाजूनं बोलायचं नव्हतं.

"मावशी, उठा," पंचशीला म्हणाली. "आत यंत्रं तापायलीत. पाणी नाही गेलं तर बंद पडतील."

"पडू दे. आमच्या वस्तीवर टँकर कवा आला ते आठवंना. तुमच्याकडं रोज येतो. लई तहान लागती व्हय यंत्राला?"

साल २०१३. लातूरच्या बाहेरचं हे संगणक केंद्र. दोन्ही ध्रुवांवरच्या बर्फाची मापं अनेक देशांची ठाणी इथं पाठवत. प्रत्येकाची पद्धत वेगळी, ठाण्यांची नावं मधेच बदललेली. ती सगळी मापं एकमेकांना जोडायची, एकाच ठिकाणी गणित करायचं आणि मागेल त्याला द्यायचं. जोडण्याचं काम पंचशीलाचं. गेल्या वर्षी पुण्यातली नोकरी सोडून ती आली, कारण केंद्राची जागा वशिल्यानं नाही, पाऊसपाण्याच्या आकड्यांवर ठरली होती. सगळ्या शहरांत लातूर पहिलं आलं होतं. "गुणवत्तेवर," असं ती सगळ्यांना सांगायची. हा शब्द तिनं आयुष्यभर टोमण्यात ऐकला होता. पहिल्यांदाच तो तिच्या बाजूनं होता.

संचालक हणमंतराव बाहेर आले ते चिडूनच. "असा दुष्काळ इथं कधी पडलाच नाही. नोंदी बघूनच जागा घेतलीय. टँकर आत घ्या!"

"कधी पडलाच न्हाई?" धुरपताबाई हसली. ते हसू चांगलं नव्हतं.

पंचशीलानं मोबाइलवर केंद्राच्या जागानिवडीचा तक्ता उघडला. पाऊस, लातूर जिल्हा. ती मागे मागे जात राहिली.

१९८४. पाऊस.
१९८३. पाऊस.
१९८२. अर्धं वर्ष.
१९७२?

नाही. बहात्तर नाहीच. ब्याऐंशीच्या आधी काहीच नाही.

तिचं डोकं तडकलं. ब्याऐंशीला लातूर उस्मानाबादेतून फुटून वेगळा जिल्हा झाला. त्याआधीचा सगळा पाऊस, आणि सगळा दुष्काळ, उस्मानाबादच्या नावावर. तो इथं जोडलेलाच नव्हता.

"सर, अंटार्क्टिकातल्या ठाण्याचं नाव बदललं तर मी जुनी नोंद हुडकून जोडते. तुम्हाला शेजारचा जिल्हा जोडता आला नाही? जिल्हा झाला त्या दिवसापासून पाऊस पडायला लागला का इथं?"

"झाली असेल चूक कुणाची तरी."

"कुणाची?" धुरपताबाई चाकाला धरून उठली. "हणमंता, ह्यो रस्ता बहात्तरच्या दुष्काळात आम्ही केला. तुझी माय आन् मी एका ढिगावर खडी फोडायचो. तू लिंबाला बांधलेल्या झोळीत बोंबलायचास. कामावर मिळायची ती सुकडी चाटवून गप करायचो तुला. आन् दुष्काळ पडलाच न्हाई म्हणायलास?"

हणमंतरावांनी रस्त्याकडे पाहिलं. मग ओरडलेच.

"माहीत होतं मला! मीच जोडू दिली नाही ती उस्मानाबादची फाईल. जोडली असती तर हे केंद्रही पुण्याला गेलं असतं. सगळं तिकडंच जातं! आपण काय नुसतं बघत बसायचं?"

हा राग बायकांच्याही घरातला होता.

पंचशीला आत गेली. बराच वेळ आली नाही. मग इमारतीतली घरघर खाली खाली येत गेली आणि थांबली. ती बाहेर आली तेव्हा घामानं भिजली होती.

"दादा, टँकर वस्तीवर घ्या," ती ड्रायव्हरला म्हणाली.

त्यानं बिडी टाकली. बायकांनी घागरी उचलल्या.

"काय केलंस तू?" हणमंतरावांचा आवाज फाटला.

"माझं काम. उस्मानाबाद जोडलं. जागानिवडीचा नवा तक्ता सगळ्या देशांना पाठवला. मगच यंत्रं बंद केली."

"आणि लातूर?"

"शेवटचं आलं, सर," पंचशीला म्हणाली. "गुणवत्तेवर."