सैल बटण

मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी फुटून शिंपीकाका आयसीयूत आले, त्याला बारा दिवस झाले. वय, रक्तस्राव, शुद्ध, सगळं तक्त्यात भरून मी अंदाज काढला होता: सावरण्याची शक्यता शेकडा आठ. "काका, माझं बोट दाबा," मी रोजच्यासारखं ओरडलो. काहीच नाही. "सांगितलेलं ऐकत नाहीत," मी काकूंना म्हणालो. "त्यात नवीन काय?" काकू म्हणाल्या. "तीस वर्षं तेच चाललंय." मी डोळे तपासायला वाकताच माझ्या कोटाचं लोंबणारं बटण काकांच्या बोटांना लागलं. बोटांनी ते चाचपलं, दोनदा पिरगळलं आणि सरळ तोडलं. "सैल बटण ते आधी तोडतात, मग पक्कं लावतात," काकू ताडकन उठल्या. बटण मुठीत ठेवून काकांनी दुसऱ्या हाताची चिमूट काकूंपुढे धरली. "थांबा हो," काकू पर्स उपसत म्हणाल्या, "सुई ओवून देते."