अम्माचं मांजर

पौडमध्ये असलमच्या घरामागं भाताच्या पोत्यांची खोली होती. त्याच्या लहानपणी तिथं उंदरांची खुडबुड सुरू झाली, की त्याची अम्मा, बिस्मिल्लाबी, दाराशी उकिडवी बसून हुबेहूब मांजराचा आवाज काढायची. उंदीर गप्प व्हायचे आणि पोरं हसून लोळायची.

यंदा अम्मा गेली आणि उंदरांनी निम्मी पोती कुरतडली. विषारी गोळ्या टाकायला असलमचं मन होईना. अम्मानं त्या घरात कधी येऊच दिल्या नव्हत्या.

एका संध्याकाळी त्याची बायको साजिदा म्हणाली, "तुमीच काढा की अम्मांसारखा आवाज."

बाहेरून कडी लावलेल्या दाराशी असलम उकिडवा बसला आणि म्याँव करून ओरडला. आवाज अगदीच घोगरा निघाला. दोघंही हसले. हसता हसता साजिदानं डोळे पुसले.

तेवढ्यात आतून मांजर ओरडलं.

दाराखालच्या फटीतून उंदीर एकामागून एक बाहेर पडले आणि असलमच्या पायांवरून अंगणात पळाले. मग खोलीत काहीच हललं नाही.

"असलम, गेले का रं समदे?" आतून अम्मानं विचारलं.

"व्हय अम्मा," तो सवयीनं बोलून गेला.

"मग कडी काढ की."