मुंग्या

"अहो, नळ धरला की मुंग्या येतायत!" भिंतीपलीकडच्या न्हाणीघरातून बायको ओरडली. ड्रिलच्या घरघरीत अच्युतरावांना फक्त 'मुंग्या' ऐकू आल्या.

"हळद टाक!" म्हणत त्यांनी जोर लावला आणि ड्रिल बंद पडलं.

प्लग हलवला, ड्रिलचे कार्बन ब्रश काढून पाहिले, सगळं ठणठणीत. मग दिसलं, फ्यूज उडालाय. इलेक्ट्रिशियनला बोलावणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. बारीक तार सारखी जळते, म्हणून त्यांनी या वेळी चांगली जाड तार गुंडाळली. ड्रिल पुन्हा गरजलं.

"गेल्या का गं मुंग्या?" त्यांनी फुशारकीत विचारलं.

उत्तर आलं नाही. ड्रिल बाहेर ओढलं, तर टोकाला गीझरच्या वायरचं लाल प्लास्टिक गुंडाळलेलं. न्हाणीघराच्या दाराखालून पाणी वाहत आलं.

त्यात एकही मुंगी नव्हती.