दाराची उंची

आमची झोपडी भाटकाराच्या जमिनीत होती. जेसीबी लावून त्याने पाडली तेव्हा मी त्याच्या पायांवर पडले. त्याची मान जराही लवली नाही. वर्षभराने पंचायतीने डिचोलीबाहेर जागा दिली आणि गरिबांसाठी घरं बांधणारी कॉलेजची मुलं आली. चिरे रचता रचता एक मुलगी म्हणाली, "मावशी, रिबन कापायला भाटकार येणार आहेत. पत्रे त्यांनीच दिलेत." तिने दाराची उंची विचारल्यावर मी स्वतःच्या डोक्यावर हात टेकवला. "एवढीच." "उंच माणसांनी काय करायचं?" "वाकतले," मी म्हटलं. गृहप्रवेशाला सहाफुटी भाटकार आला. मी आत उंबऱ्याशी ताठ उभी राहिले. रिबन कापून तो कमरेत वाकला, मान खाली घालून माझ्यासमोर आत आला. मुलीने फोटो काढला. मी हात जोडले. "भाटकारांनू, फोटो बरो इलो नाय. जरा भायर जावन परत येवा."