मृत्यूचं कारण

शशिकांत काका माइक सोडायला तयार नव्हते.

"बासष्ट सालची गोष्ट. भानुदासच्या चुलतभावाला गावातल्यांनी काठ्यांनी मारला आणि पोलिसांनी पंचनाम्यात लिहिलं, विहिरीत पाय घसरून पडला. हा मेडिकलचा पोरगा अकरा दिवस कलेक्टर कचेरीसमोर बसला. पंचनामा बदलला तेव्हाच उठला. असा आपला भानुदास."

परदेशात, पार्सिपनीतल्या त्या हॉलमध्ये पुण्यानुमोदनाला साठेक माणसं जमली होती. संघमित्रा पहिल्या रांगेत आईशेजारी होती. भानुदास म्हणजे तिचे बाबा; त्यांना जाऊन नऊ दिवस झाले होते.

मग काकांनी मागच्या रांगेतून नोमाथेम्बाला बोलावलं. नर्सिंग होमची ड्यूटी संपवून ती तशीच निळ्या गणवेशात बसने आली होती. बाबा त्र्याऐंशी साली झिम्बाब्वेत मिशनच्या एका दवाखान्यात डॉक्टर होते, ती तिथली. परवा तिचा घरी फोन आला, तेव्हा संघमित्राने बाबा गेल्याचं सांगितलं आणि हॉलचा पत्ता दिला. तिकडची जुनी पेशंट असेल, असं तिला वाटलं होतं.

"रेखावहिनींना इंग्रजी नीट कळत नाही," काका आईकडे हात करून म्हणाले. "मी मराठीत सांगत जातो."

नोमाथेम्बाने प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद काढला. ती बाबांच्या फोटोकडे नाही, समोर बघून इंग्रजीत बोलली.

"मी एन्देबेले जमातीची आहे. त्या वर्षी आमच्याच सरकारने आमच्यावर सैन्य सोडलं. लाल टोप्यांचं. एन्देबेले असणं एवढा गुन्हा पुरायचा. माझे वडील शाळेत मास्तर होते. त्यांना पटांगणात सगळ्यांसमोर गोळ्या घातल्या. आईने त्यांना गाढवगाडीतून दवाखान्यात नेलं. तिथे ते गेले. डॉक्टरांनी मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं, मलेरिया. शेजारी सैनिक उभा होता, ते मी पाहिलंय. पण ते दुष्काळाचं वर्ष होतं. कुठे पाणी साठलेलं नव्हतं. डास नव्हते. वडिलांना पुरल्यावर आम्हाला त्या मातीवर नाचायला लावलं, सरकारची गाणी म्हणत. रडायची बंदी होती."

ती थांबली. काका आईकडे वाकले.

"वहिनी, बाई म्हणतायत, त्यांच्या वडिलांना मलेरिया झाला होता. आपल्या भानुदासने शेवटपर्यंत केलं त्यांचं."

आईने नोमाथेम्बाला हात जोडले.

हॉलमधल्या जवळपास सगळ्यांना इंग्रजी कळत होतं. एका बाईने आपल्या मुलीला "गप बस" म्हणून दटावलं. ती गप्पच होती.

संघमित्रा उठली. "काका, तासाभरापूर्वी पंचशील म्हटलंत. त्यातलं चौथं कोणतं?"

"बेटा, आज नको. आजचा दिवस भानुदासचा आहे."

"खोटं बोलणार नाही. ते चौथं."

ती आईसमोर गुडघ्यांवर बसली आणि एकेक वाक्य मराठीत सांगू लागली. पटांगण, गोळ्या, गाढवगाडी, सैनिक, डास नसलेलं ते वर्ष, कबरीवरचा नाच. नोमाथेम्बा जिथे जिथे 'डॉक्टर' म्हणाली होती, तिथे तिथे ती 'बाबा' म्हणाली. एकदाही आवाज चढला नाही. सगळं सांगून झाल्यावर मात्र तिने मान वळवून हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं.

"तिथे सैनिक उभा होता, मान्य. नंतर नागपुरात कोण उभा होता? इथे कोण होता? त्याला चौदा वर्षं झाली, बाबा."

"मित्रा, पुरे," काका म्हणाले.

"मी भांडायला आले नाही," नोमाथेम्बा म्हणाली. "मंगळवारी इमिग्रेशनच्या जजसमोर माझी सुनावणी आहे. मी आश्रयाच्या अर्जात लिहिलंय, वडिलांना सैन्याने मारलं. हा दाखला म्हणतो, मलेरिया. डॉक्टर जायच्या आधी फोनवर म्हणाले होते, खरं कारण लिहून देतो. रविवारी या, म्हणाले होते."

संघमित्राला बाबांच्या टेबलावरचे तीन कागद आठवले. तिन्हींवर एकच वाक्य होतं. 'मी त्या दाखल्यावर मलेरिया असं लिहिलं, कारण'. तिन्ही तिथेच थांबले होते. गेल्या आठवड्यात आवराआवर करताना ती ते फेकणार होती.

"त्यांनी लिहायला घेतलं होतं," ती म्हणाली. "पुरं केलं नाही. पण अक्षर त्यांचंच आहे. मी मंगळवारी ते घेऊन येते. विचारतील तेवढं सांगते."

नोमाथेम्बाने मान हलवली. आभार मानले नाहीत.

"बापाचं नाव कोर्टात नेणार तू?" काकांनी हळूच विचारलं.

"त्यांनीच न्यायचं होतं. त्यांना जमलं नाही."

काका माइकपाशी गेले आणि त्यांनी तो बंद केला. तेवढ्यात आईने संघमित्राचं मनगट धरलं.

"एकट्या हिच्याच वडिलांचं लिहिलं का गं तसं?"

संघमित्राने मान वर करून आईकडे पाहिलं.

"त्या साली त्यांच्या दर पत्रात असायचं," आई म्हणाली. "यंदा इकडे मलेरिया फार आहे. गावंच्या गावं जातायत. मी नागपूरहून दोन मच्छरदाण्या पाठवल्या होत्या."