राखाडी गल्ली

सोलापुरातली माणसं कुठं रमतात, हे वैजयंतीनं महापालिकेसाठी मोबाइलच्या लोकेशन-नोंदींवरून शोधलं. वर्दळीच्या जागा नकाशावर लाल झाल्या, तिच्या माहेरची गल्ली राखाडीच राहिली. ‘इथं कुणी बसत नाही,’ तिनं अहवालात लिहिलं आणि त्यावरून पार्किंगसाठी लिंबाखालचा कट्टा पाडला गेला. आज ती पाहायला आली, तर ढिगाऱ्याशेजारी गोणपाटं टाकून दहाबारा बायका विड्या वळत होत्या. याच कट्ट्यावर विड्या वळून आईनं तिला कॉलेजपर्यंत शिकवलं होतं. “हितं कुणी बसतच न्हाय म्हनं,” मांडीवरच्या सुपातली नजर न उचलता शेजारची नरसम्मा म्हणाली. “असं सांगितलं कुणी गं?” “मोबाइलनं,” वैजयंती पुटपुटली. “आमाला कुटं मोबाइल? घरात एकच, त्यो आमचं मालक कामाला जाताना कारखान्यात नेत्यात. तुला ठावं हाय की.” नरसम्मानं सूप सरकवून जागा केली. “बस, तुज्या आईचीच जागा हाय.” वैजयंती उभीच राहिली.